बाबांच्या वाट्याचे दोन लिटर

आपल्या अंकात प्रवासवर्णनं भरपूर येतात. काशी येते, केरळ येतं, गेल्या वर्षी दुबईही येऊन गेली. परदेशात हिंडून दारूच्या बाटल्या विकत घेतल्याची हकिकत मात्र अजून कुणी लिहिलेली मला आठवत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. हा लेख पोर्तुगालमधल्या गावोगावच्या वाइनबद्दल आहे, आणि तो लिहायची परवानगी मी बाबांकडून घेतली आहे. या गोष्टीत त्यांचाच वाटा मोठा आहे.

बाबा निवृत्त मराठी शिक्षक. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात काजूची भट्टी चालवायचे. मार्च ते मे घरामागच्या डोंगरावरून बोंडूंच्या टोपल्या उतरायच्या आणि सगळ्या वाड्यावर तो गोड-आंबूस वास पसरायचा. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याच वर्षी बाबांनी भट्टी मोडली. तांब्याचं भांडं भंगारात गेलं. कारण विचारलं की आई एवढंच म्हणायची, "मास्तरांच्या घरात भट्टी शोभत नाही." डोंगर तेवढा राहिला. दोन वर्षांपूर्वी एक एजंट येऊन गेला. डोंगराचे प्लॉट पाडायचे, बंगले बांधायचे, पैसे रोख. काकांना ते पटलं होतं. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

अशात माझा आतेभाऊ मागे लागला. त्याला मी दादाच म्हणते. पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो बरीच वर्षं लिस्बनला आहे, तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. "मामा, पाय चालतायत तोवर येऊन जा," असं तो दर फोनला सांगायचा. शेवटी चवथ आटोपली, पुरुमेताची आवराआवर झाली, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. आईला विमानाची भीती. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी शांतपणे टीव्ही बघते."

मला वाइनची हौस आहे हे बाबांना माहीत होतं. परदेशातून येताना प्रत्येक मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं, हा नियमही त्यांनी कुठून तरी वाचला होता. तिकिटं काढली त्याच दिवशी त्यांनी बजावलं, "बाय, तुझे दोन लिटर तू बघ. माझ्या नावावर एक बाटलीसुद्धा आणायची नाही."

पहिली बाटली फसली

लिस्बनला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फसले. नदीकडच्या गर्दीच्या रस्त्यावर एक चकचकीत दुकान होतं. काचेत निळ्या-पांढऱ्या फरशीच्या नक्षीची बाटली, तिच्या गळ्यात रंगीत कोंबडा. अठ्ठावीस युरोंना पोर्ट वाइन घेतली आणि मिरवत दादाकडे आले. दादाने बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "हीच वाइन आमच्या खालच्या सुपरमार्केटात नऊ युरोला मिळते. एकोणीस युरो कोंबड्याचे झाले." बाबा काही बोलले नाहीत, फक्त हसले. ते हसणं जास्त लागलं.

त्या रात्री दादाने माझी शिकवणी घेतली. त्याचे धडे इथे देते, कारण ते इतर देशांतही उपयोगी पडतात.

पहिला धडा, दुपारी कामगार जेवतात तिथे जेवायचं आणि घरची वाइन मागायची, म्हणजे "व्हिन्यु द काझा". ती जगमध्ये येते, स्वस्त असते, आणि त्या भागात लोक रोज काय पितात ते तिच्यावरून कळतं. आवडली तर ती कुठून येते ते विचारायचं. दुसरा धडा, बाटलीचा पुढचा भाग नटवलेला असतो, वाचायचा तो मागचा. डीओसी लिहिलेलं असेल तर द्राक्षं त्या ठरावीक प्रदेशातलीच आणि वाइन तिथल्या नियमांनी केलेली. 'व्हिन्यु रेजिओनाल' असेल तर प्रदेश मोठा आणि नियम सैल. वाइन वाईट असेलच असं नाही, पण पत्ता कमी नेमका. तिसरा धडा, वाइन जिने केली तिनेच बाटलीत भरली आहे का ते पाहायचं. चौथा धडा, मोठ्या गावांत सहसा शेतकऱ्यांची सहकारी 'आदेगा' असते, म्हणजे वाइनचं कोठार. तिचं स्वतःचं दुकान असतं. तिथे कोंबडे नसतात.

बाबा बाजूला बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "ती मोठी लाकडी बॅरल्स, त्यांना इथे काय म्हणतात?"

"पिपा," दादा म्हणाला.

बाबांचे डोळे चमकले. "म्हणजे आपलं पिंप!" मग तासभर त्यांचा वर्ग भरला. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, बिजागरी, सगळी समुद्रावरून आलेली मंडळी. दारूत रस नसलेल्या माझ्या वडिलांना त्या रात्री या प्रवासात शिरायला दार सापडलं, ते शब्दांचं.

मिऱ्याच्या वेलीसारखी द्राक्षं

दादाने तीन दिवसांची सुट्टी काढली आणि आम्ही रेल्वेने उत्तरेला पोर्तोला गेलो. तिथलं सांव बेंतु स्टेशन बाबांना फार आवडलं. आतल्या भिंतींवर जॉर्ज कुलासु या चित्रकाराने केलेली सुमारे वीस हजार निळी फरशी आहे. लढाया, मिरवणुका, शेतं, सगळं फरशीवर. गाडीची वेळ होईपर्यंत बाबा मान वर करून फिरत होते.

तिथून तासाभराच्या अंतरावरच्या ब्रागा शहरात एक दिवस घालवला. हा मिन्यु प्रांत, 'व्हिन्यु व्हेर्द'चा. नावाचा शब्दशः अर्थ हिरवी वाइन, पण ती रंगाने हिरवी नसते. व्हेर्द म्हणजे इथे कोवळी, ताजी, त्याच वर्षात प्यायची. बहुतेक पांढरी, हलकी, थोडी आंबट, कधी जिभेवर बारीक चुरचुर. तळलेल्या मासळीबरोबर ती कोकमच्या सारासारखी काम करते, तोंड स्वच्छ करते.

गाडीच्या खिडकीतून मात्र मी वेगळंच पाहत होते. घरांच्या परसात, शेतांच्या कडेने द्राक्षाचे वेल उंच मांडवावर चढवलेले, खाली कोबी आणि भाजी लावलेली. पूर्वी हे वेल सरळ झाडांवरच चढवत. जमीन थोडी, माणसं फार, म्हणून खाली पीक आणि वर द्राक्षं. बाबा म्हणाले, "हे तर आपलं कुळागर." खरंच होतं ते. माडत पोफळीवर मिरवेल चढवून खाली अळू आणि अननस लावणाऱ्या आपल्या माणसांना हे कुणी समजावून सांगायला नको.

संध्याकाळी पोर्तोच्या एका गल्लीत 'गार्राफेइरा' सापडली. गार्राफेइरा म्हणजे वाइनचं दुकान. फेणीसाठी काचेचा मोठा गर्राफांव आपल्याकडच्या जुन्या घरांत असायचा, त्याच घराण्यातला हा शब्द. दुकानदारीणबाईंना मी सांगितलं, बारा युरोपर्यंत, मासळीबरोबर प्यायला, आणि गोव्यापर्यंत टिकायला हवी. त्यांनी महागाची दाखवली नाही. स्पेनच्या सीमेवरच्या मोंसांव गावाची, आल्व्हारिन्यु जातीच्या द्राक्षांची बाटली दिली. व्हिन्यु व्हेर्दमधली ही जरा भारदस्त, दोन-तीन वर्षं सहज राहणारी. माझी पहिली बाटली ठरली.

एकोणीस ग्राव

पोर्ट वाइनला पोर्तोचं नाव असलं तरी ती तिथे पिकत नाही. द्राक्षं होतात दोउरो नदीच्या वरच्या खोऱ्यात. पूर्वी पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून नदीने खाली यायची आणि पोर्तोसमोरच्या गाया गावातल्या थंड कोठारांत वर्षानुवर्षं मुरायची. आता होड्या फक्त फोटोंसाठी उभ्या असतात. गायातल्या मोठ्या कंपन्यांची कोठारं पाहता येतात, तीन-चार प्रकार चाखता येतात, आणि ते पाहावंच. पण दादा म्हणाला, खरेदी इथे करायची नाही. त्याच्याबरोबर हॉटेलात काम करणाऱ्या एकाचे काका वर पिन्यांवजवळ मळा कसतात. आपण तिकडे जायचं.

पोर्तोहून पिन्यांवपर्यंत रेल्वेने अडीच तास लागतात. जाताना उजव्या बाजूला बसा. अर्ध्या वाटेनंतर गाडी नदीला चिकटते आणि दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहतात. त्या डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पाडल्या आहेत. प्रत्येक पायरीला दगडी बांध, बांधावर द्राक्षं. माती नावालाच, सगळा शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा दगड. तो हातांनी फोडून लोकांनी तिथे जमीन तयार केली. २००१ साली युनेस्कोने हे खोरं जागतिक वारशात घेतलं. तिथली माणसं आपल्या हवेबद्दल म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

काकांचं वय सत्तरीच्या पुढे. स्टेशनवर स्वतः न्यायला आले. तोडणी संपत आली होती. घराच्या मागे ग्रॅनाइटची चौकोनी टाकी होती, तिला 'लागार' म्हणतात. आदल्या रात्री तिच्यात द्राक्षं तुडवली होती. पहिले दोन तास सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, एक-दोन म्हणत, लष्करासारखं पाऊल टाकायचं. मग मोकळीक. कुणी गातं, कुणी नाचतं. काकांच्या पोटऱ्या अजून जांभळ्या होत्या.

पोर्ट कशी होते ते त्यांनी समजावलं. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाची सत्त्याहत्तर टक्क्यांची जोरदार दारू ओततात. आंबणं थांबतं. गोडी राहते आणि जोरही येतो, एकोणीस ते बावीस टक्के. पिंपाचं जुनं माप साडेपाचशे लिटरचं, त्यात ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर दारू. रुबी म्हणजे लाल, फळाच्या चवीची. टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवून बदामी झालेली, सुक्या मेव्याच्या वासाची. टॉनीवर दहा, वीस, तीस वर्षं लिहिलेलं असतं. आणि बुचावरून कागदाची नंबर घातलेली पट्टी गेलेली असते, ती सरकारी संस्थेची हमी. ती नसेल तर पोर्ट म्हणून घेऊ नका.

ही हमी जुनी आहे. अठराव्या शतकात पोर्ट इंग्लंडमध्ये इतकी खपू लागली की व्यापारी बाहेरची हलकी वाइन मिसळायचे आणि रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या बोरांचा रस घालायचे. लोकांचा विश्वास उडाला, भाव कोसळला. तेव्हा राजाचा मंत्री होता मार्केश द पोंबाल. १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन नव्याने उभारणारा हाच. गोव्यातलं इन्क्विझिशन १७७४ साली बंद झालं तेही त्याच्याच कारकिर्दीत, पुढे ते चार वर्षांनी पुन्हा सुरू झालं ही गोष्ट वेगळी. या पोंबालने १७५६ साली कंपनी काढून दोउरोची हद्द आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले, एल्डरची झुडपं उपटायला लावली. या हद्दीतलीच द्राक्षं ती पोर्ट. आपल्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तीच कल्पना, अडीचशे वर्षं आधीची.

बाबा आतापर्यंत दादाच्या मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी शिक्षकाच्या सवयीने प्रश्न विचारला, "आणि भाव कोण ठरवतं?"

काकांनी खांदे उडवले. दर वर्षी एकूण किती पिंपं पोर्ट करायची ते वरून ठरतं. प्रत्येक मळ्याला उंची, उतार, दगड पाहून दर्जा दिलेला आहे, त्याप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला कोटा येतो. कोट्यातल्या द्राक्षांना चांगला भाव. उरलेल्यांची साधी वाइन होते, तिचा भाव मजुरीलाही पुरत नाही. एक मुलगा पोर्तोत, दुसरा लक्झेंबर्गला. मळ्यात परत येणारं कुणी नाही. मग त्यांनी नदीपलीकडचा डोंगर दाखवला. तिथेही पायऱ्या होत्या, पण त्यांच्यावर झुडपं माजलेली, कुठे एखादं ऑलिव्हचं झाड. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने द्राक्षांची मुळं खाल्ली, तेव्हा सोडून दिलेले हे मळे. पुन्हा कुणी लावलेच नाहीत. त्यांना 'मोर्तोरियु' म्हणतात. शब्दातच मरण आहे.

बाबा त्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मराठीत म्हणाले, "ह्यांना सांग, आमच्याकडेही पायांनीच तुडवायचे."

दादा माझ्याकडे पाहायला लागला. मी बाबांकडे.

मग बाबा बोलत गेले. काजूचे बोंडू खडकात कोरलेल्या खळग्यात कसे तुडवायचे. उरलेला चोथा वेलीने बांधून, वर धोंडा ठेवून निरो कसा गाळायचा. रस आंबायला किती दिवस. पहिल्या धारेला हुर्राक, दुसऱ्यांदा काढली की फेणी. लाकूड कुठलं, जाळ केवढा. बाटली हलवून वरच्या मण्यांवरून जोर कसा ओळखायचा. मी थक्क झाले. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने घरात भट्टीचं नाव काढू दिलं नाही, त्याला सगळं पाठ होतं. दादा घामाघूम होऊन भाषांतर करत होता.

काकांनी विचारलं, जोर किती असायचा?

"एकोणीस ग्राव," बाबा म्हणाले.

दादाने भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं. ग्राव म्हणजे ग्राव. मोजमापाचा तोच जुना शब्द दोन्हीकडे. दोघे म्हातारे एकमेकांकडे पाहून हसले, आणि पुढचा अर्धा तास आमची त्यांना फारशी गरज पडली नाही.

परतीच्या गाडीत बाबांनी बाकीचं सांगितलं. शाळेत असताना सीझनमध्ये पहाटे बोंडू तुडवून ते तसेच वर्गात जायचे. अंगाचा वास यायचा. एका मास्तरांनी सगळ्यांसमोर त्यांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि वर्षभर तिथेच ठेवलं. "पुढे मी स्वतः मास्तर झालो, तेव्हा ठरवलं होतं, माझ्या मुलांना तो वास लागू द्यायचा नाही." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या आजोबांना मी त्याचं कारण कधी सांगितलं नाही. त्यांना वाटलं असणार मला त्यांचीच लाज वाटते."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. माझ्या पिशवीत काकांच्या मळ्यातल्या साध्या लाल वाइनची बाटली होती, दुसरी. बाबांच्या मांडीवर वेगळी होती. दहा वर्षांची टॉनी, बुचावर पट्टी असलेली. अठरा युरो त्यांनी स्वतःच्या पाकिटातून मोजून दिले होते.

वाळूतली आणि इमारतींतली

लिस्बनला परतल्यावर दोन दिवस उरले होते. माझ्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर झाले. उरला अर्धा लिटर. दादा म्हणाला, मग कोलारेश. तिथली लाल वाइन अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते.

कोलारेश हे सिंत्रा आणि अटलांटिक समुद्राच्या मधलं गाव. इथे द्राक्षं चक्क वाळूत लावतात. वाळू खोल खणून खालच्या चिकणमातीपर्यंत पोचायचं आणि तिथे वेल रोवायचा. पूर्वी खणणारे डोक्यावर टोपली घेऊन खड्ड्यात उतरायचे, म्हणजे वाळू अंगावर ढासळली तर श्वास घ्यायला जागा राहावी. खाऱ्या वाऱ्यापासून बचावासाठी बोरूची कुंपणं, आणि वेल जमिनीवर सरपटणारे. फिलॉक्झेराची कीड वाळूत जगत नाही. म्हणून बहुतेक युरोपात द्राक्षाला अमेरिकन खुंटावर कलम करावं लागलं, तेव्हा इथला रामिश्कु जातीचा वेल स्वतःच्याच मुळांवर उभा राहिला. सहकारी आदेगा १९३१ सालापासून आहे. तिथे चाखून पाहिली. पहिला घोट कोऱ्या चहासारखा तुरट, जीभ आवळणारा, मागून किंचित खारट. बाई म्हणाल्या, घाई नको, दहा वर्षं ठेवलीत तरी चालेल. महाग होती, पण घेतली. माझे दोन लिटर बरोबर भरले.

शेवटच्या दिवशी दादाने लोकलने ओएयराशला नेलं. लिस्बनहून समुद्राच्या कडेने काश्काइशकडे जाणारी ही लोकल. याच मार्गावर, ओएयराशच्या पुढे, कार्कावेलोश स्टेशन लागतं. या नावाची गोड, जोरदार वाइन एके काळी प्रसिद्ध होती. १९०८ साली, कोलारेशबरोबरच, तिचीही हद्द कायद्याने आखली गेली. पण लिस्बन वाढत आलं. समुद्र जवळ, रेल्वे जवळ, जमिनीला सोन्याचा भाव. किडीने जे केलं नाही ते इमारतींनी केलं. आज खिडकीतून फ्लॅट दिसतात, बाल्कन्या दिसतात, वेल शोधावा लागतो. जे थोडे मळे उरले आहेत, त्यांतले काही चक्क ओएयराशची नगरपालिका सांभाळते. नगरपालिका वाइन करते आणि विकते! तेही कुठे, तर त्याच पोंबालचा वाडा ज्या गावात आहे त्या गावात.

फ्लॅटच्या रांगांमधल्या त्या तुकड्याजवळ आम्ही उभे राहिलो. मागे रस्त्यावर गाड्यांचा आवाज. बाबा म्हणाले, "हद्दीचे कागद असूनही एवढंच राहिलं."

दुकानात मी बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. माझा कोटा संपला होता.

"घे ती," बाबा म्हणाले. "माझ्या वाट्यात जागा आहे."

जाणार असाल तर

थोडं कामाचं. बाटल्या हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत, चेक-इन सामानातच ठेवाव्या लागतात. जाड मोज्यात घालून, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला नको. विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून घेतलेली बाटली वाटेत विमान बदलताना अडू शकते, म्हणून सीलबंद पिशवी फोडू नका. साडेसातशे मिलीच्या दोन आणि पाचशेची एक, असा हिशेब बरोबर दोन लिटरचा होतो. भावाचा मोह टाळा. पोर्तुगालमध्ये आठ ते पंधरा युरोत उत्तम बाटली मिळते. ज्या गावाला गेलात तिथलीच घ्या. पोर्तोत उभं राहून दक्षिणेकडची वाइन घ्यायची तर मग गावी जायचं कशाला? आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ही तुम्ही घरी कशाबरोबर पिता? त्या उत्तरात बहुतेक वेळा जेवणाचं आमंत्रणही असतं.

घरी

मोपा विमानतळावर कुणी बॅग उघडली नाही. बाबा थोडे निराशच झाले. त्यांनी बिलं घडी घालून खिशात तयार ठेवली होती.

दिवाळीच्या आधी काका आले, एजंटाचा नवा आकडा घेऊन. काकांचीही बाजू आहे. धाकटीचं शिक्षण, घराचं कर्ज, आणि डोंगरातून वर्षाला हाती येतं ते काजूबियांचे थोडेसे पैसे. बाबांनी वाद घातला नाही. कपाटातून कार्कावेलोशची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि त्या लोकलची, त्या फ्लॅटांची हकिकत सांगितली. काका ऐकून म्हणाले, "अण्णा, गोष्ट बरी आहे, पण गोष्टीवर हप्ता फिटत नाही." तेही खरंच. शेवटी दोघांनी मिळून दोन वर्षांची मुदत ठरवली. तोवर विकायचं नाही. दोन वर्षांत डोंगराने काही कमावून दाखवलं तर पुढचं पुढे.

या मार्चमध्ये आमचे बोंडू शेजारच्या वाड्यावरच्या भट्टीवाल्याने घेतले. त्याच्याकडे परवाना आहे, भांडं आहे, मुलगाही हाताशी आहे. बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. पीत नाहीत. पण पहिली फेणी उतरली तेव्हा बाटली हलवून मणी बघितले ते त्यांनीच.

मे महिन्यात दादा सुट्टीवर आला होता. जाताना त्यातली एक बाटली घेऊन गेला आणि पिन्यांवला पोचवली. काकांनी वास घेतला, घोट घेतला, आणि फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बाटलीवर डोंगराचं नाव का नाही?"

बाबांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्यांवर लावायच्या लेबलांचं पाकीट आणलं. आता भट्टीवाल्याकडे आमच्या बोंडूंच्या म्हणून जेवढ्या बाटल्या आहेत, त्या प्रत्येकीवर बाबांच्या वळणदार अक्षरात आमच्या गावाचं, डोंगराचं आणि त्याखाली आजोबांचं नाव लिहिलेलं आहे.